सायझिंगच्या पंपानं मंदावलेला तारा

माझ्या शोधनिबंधांपैकी जगानं दखल घेतली ती एकाचीच, आणि तो चुकीचा होता. बाकीचे बरोबर होते. त्यांना कुत्रंही विचारत नाही. हे वाक्य मी आता हसत लिहू शकतो, पण तेव्हा ते मनातल्या मनात म्हणतानाही कान गरम होत.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मुंबईतल्या एका संस्थेत खगोलशास्त्राची उपकरणं बनवणाऱ्या विभागात मी तात्पुरता लागलो होतो. राहायला मात्र भिवंडीतच, टेमघरला, आईवडिलांजवळ. वडील नगरपालिकेच्या पाणीखात्यात. आमच्या वस्तीत विज्ञान शिकून संशोधनात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर वडिलांना विषय मिळाला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते सांगत, "आमचं पोरगं तारं मोजतंय. किती हायेत ते न्हाय, उजेड किती हाय ते." ऐकणारा उठायला लागला की त्याच्यासाठी आणखी एक कटिंग यायचा. मी टपरीसमोरून जाताना मान खाली घालून जात असे. तेव्हा ती लाज गोड होती.

मी बनवत होतो तो फोटोमीटर, म्हणजे दुर्बिणीतून आलेला ताऱ्याचा उजेड मोजणारं यंत्र. त्यातल्या नळीला मोठा विजेचा दाब लागतो. तो दाब जराही हलला की तारा आपला जागच्या जागी स्वस्थ असतो आणि यंत्र मात्र म्हणतं, तारा मंदावला. हे पुस्तकात पहिल्याच पानावर असतं आणि मला ते पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टींची हीच गंमत असते.

विभागात माझ्याबरोबरच लागलेल्या एक बाई होत्या. कमी बोलणाऱ्या, हातात कायम विजेच्या तारांना डाग देण्याचं इस्तरीसारखं तापलेलं अवजार. विजेचा दाब एकसारखा ठेवणारं एक मंडल, म्हणजे सर्किट, त्यांनी जुळवलं होतं. बाहेर वीज कितीही नाचू दे, आत काटा हलायचा नाही. त्यावर त्यांचा एक निबंधही छापून आला होता. मी यंत्र चाचणीसाठी घरी नेणार हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "भिवंडीला नेताय ना? मग माझा डबाही घेऊन जा." ते मंडल बसवलेला डबा लोखंडी होता आणि चांगलाच जड. बसमधून यंत्र, छोटी दुर्बीण आणि वर तो डबा, एवढं मी कुठे ओढत नेऊ? मी म्हणालो, नुसती चाचणीच तर आहे.

घराशेजारी सायझिंग होतं. लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात तो कारखाना. त्याच्या मालकांनी आपल्या घराची गच्ची मला मोकळ्या मनानं वापरायला दिली, वर वीजही कारखान्याच्याच लाइनवरून दिली. थंडीचे दिवस, आकाश स्वच्छ. दिवेलागणीनंतर मी गच्चीवर दुर्बीण लावायचो आणि कागदी पट्टीवर पेन रेघ काढत जाई. उत्तरेकडच्या एका फिकट ताऱ्यावर ती रेघ मधेच खाली उतरली. थोड्या वेळानं पुन्हा उतरली. मग पुन्हा, तितक्याच अंतरानं. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. असा तारा कोणी पाहिलेला नव्हता.

आता सांगतो तेव्हा वाचणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. सायझिंगच्या बॉयलरला पाणी पुरवणारा पंप ठराविक वेळानं आपोआप सुरू व्हायचा, आणि तो सुरू झाला की आळीतले सगळे दिवे क्षणभर लाल पडायचे. लहानपणापासून आम्ही त्या दिव्यांखाली जेवलो, अभ्यास केले, भांडलो. आम्हा भिवंडीकरांना दिवा मंदावलेला दिसतच नाही. त्यात मी गच्चीवर, काळोखात. बाहेरगावचा कोणी असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, अहो, तुमचा दिवा काय करतोय बघा.

शुक्रवारी लूम आणि सायझिंग बंद असतात, तेव्हा तरी समजायला हवं होतं. पण शुक्रवारी संस्थेत साप्ताहिक सभा असे, मी घरी पोचेपर्यंत तो तारा कललेला असायचा. त्यामुळे माझ्या पट्ट्यांमध्ये शुक्रवार नव्हताच. मी निबंध लिहिला, परदेशी नियतकालिकात धाडला, आणि तो छापून आला. वडिलांनी तो अंक वर्तमानपत्रात गुंडाळून टपरीवर नेला. इंग्रजी कोणालाच वाचता येत नव्हतं, पण माझं नाव बोटानं दाखवता येत होतं.

मग एका शुक्रवारी सभा रद्द झाली. मी लवकर घरी आलो आणि गच्चीवर गेलो. आळीत खटखट नव्हती, इतकी शांतता की कोणाच्या तरी घरातली भाकरी थापल्याचा आवाज वर येत होता. पेन सरळ चाललं होतं. चाललं ते चाललंच. तारा तसूभर हलला नाही. खाली आमच्या घरातला बल्ब मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. तो एकदाही लाल पडला नाही.

सोमवारी मी त्या बाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी डबा काढून दिला, आणि या वेळी मी तो बसमधून आणला. डबा जोडल्यावर पंप कितीही सुरू होऊ दे, तारा जागचा हलेना. मी दुरुस्तीचं टिपण लिहिलं, चूक कशी झाली ते स्पष्ट सांगितलं, बाईंच्या मंडलावरच्या निबंधाचा उल्लेख केला आणि ते छापून आणलं. मला वाटलं, झालं, सुटलो.

सुटलो कुठला. दुरुस्ती कोणी वाचलीच नाही. पहिला निबंध मात्र देशोदेशी पोचला होता. लोकांनी आपापल्या दुर्बिणी त्या ताऱ्याकडे वळवल्या, काहीही सापडलं नाही, आणि प्रत्येकानं तसं लिहिलं. प्रत्येकानं खाली संदर्भ दिला तो माझा. पुढे तर अशा फसवणुकीपासून सावध राहा म्हणून जो कोणी लिहील तोही मलाच पुढे करू लागला.

त्याच सुमाराला आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात ते जाडजूड परदेशी खंड यायला लागले होते. कोणत्या निबंधाचा उल्लेख कोणी कोणी केला, हे त्यात मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असे. वरिष्ठांना ते फार आवडले. निबंध वाचण्यापेक्षा त्याखालच्या ओळी मोजणं सोपं. विभागात एक जागा कायम होणार होती, एकच, आणि त्या जागेसाठी आम्ही दोघंच होतो. त्या बाई आणि मी.

मला आत बोलावलं तेव्हा निवड समितीच्या अध्यक्षांच्या पुढ्यात खंड उघडाच होता. "तुमच्या या निबंधाची बाहेर एवढी दखल घेतलीय," ते म्हणाले. "आपल्याकडे दुसऱ्या कोणाची नाही."

मी म्हणालो, "सर, ते बहुतेक सगळे मी चुकलो असं सांगतायत."

ते मोठ्यानं हसले. "उगाच लाजू नका. चूक-बरोबरचा रकाना यात नसतो. लोकांनी नाव घेतलं की नाही?"

माझ्याजवळ दुसरं वाक्य तयार होतं. त्या बाईंचं मंडल बरोबर आहे, आणि ते मी आधीच नेलं असतं तर हा प्रकार झालाच नसता. वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात चहा आला, अध्यक्षांनी बशी पुढे केली, आणि मी बिस्कीट उचललं.

जागा मला मिळाली. बाईंनी अभिनंदन केलं, अगदी मनापासून. मग टेबल आवरताना सहज म्हणाल्या, "माझ्या निबंधाचाही एक उल्लेख आहे त्या खंडात. तुमच्या दुरुस्तीतला." पुढच्या महिन्यात त्या नाशिककडच्या एका कॉलेजात शिकवायला गेल्या. डबा संस्थेचा होता, तो मागे राहिला.

इकडे वस्तीत वडिलांनी सत्कार ठरवला. विहारात सतरंज्या अंथरल्या, खारबाव-अंजूरहून नातेवाईक आले. पाहुणे म्हणून सायझिंगचे मालक. त्यांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि म्हणाले, "भाई, आपने भिवंडी का नाम रोशन कर दिया. हमारी छत से!" टाळ्या पडल्या. वडील पुढच्या रांगेत, धुतलेल्या टोपीत, डोळे पुसत बसलेले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मी दोन शब्द बोललो. कोणते ते आठवत नाही, आठवून घ्यायचंही नाही.

घरी आल्यावर वडिलांनी हार खुंटीला अडकवला. मी म्हणालो, "बाबा, तो तारा मंद होत नव्हता. सायझिंगचा पंप सुरू व्हायचा."

ते खो-खो हसले. "आरं तिच्या! मंग तू चूक कबूल केलीस का न्हाय?"

"केली. छापून."

"मंग जालं की. मानूस हाय, चुकनारच."

इतकं हलकं वाटलं मला की त्या भरात मी पुढचंही सांगून टाकलं. एकच जागा, बाई, त्यांचा डबा, अध्यक्ष, सगळं. वडिलांचं हसू हळूहळू थांबलं.

"तिचं यंत्र बराबर व्हतं?"

"हो."

"तू सायबाला सांगितलंस तसं?"

मी खुंटीवरच्या हाराकडे बघितलं. ते उठले, मोरीत जाऊन पाय धुतले आणि जेवायला बसले. त्या दिवशी आम्ही जेवताना दिवा दोनदा लाल पडला. मला दोन्ही वेळा दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरीजवळ बसची वाट बघत उभा होतो. वडील बाकावर चहा पीत होते. अंजूरचा एक जण, आदल्या दिवशी सत्काराला येऊ न शकलेला, त्यांच्याशेजारी टेकला आणि म्हणाला, "पोराचं लई नाव जालं म्हनं. काय करतंय तरी काय ते नक्की?"

मी कान टवकारले. वडिलांनी कप खाली ठेवला.

"नोकरी करतंय," ते म्हणाले, आणि पैसे देऊन ड्युटीवर निघून गेले.