म्हातारपण न पाहिलेलं घर

अक्सिन्याच्या माहेरी म्हातारं असं कुणी झालंच नाही. आई सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली, मामा त्याच्याही आधी, आणि थोरला भाऊ प्रोकोपी पन्नाशी गाठता गाठता. दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या, तात्ता नदीकाठच्या त्या गावात अशी आणखी चार-पाच घरं होती. आधी चाल बिघडायची, मग हात थरथरायचा, मग बोलणं जड व्हायचं, शेवटी घास गिळवत नसे. बाहेरगावचा एखादा शहाणा म्हणायचा, "काय हो, सकाळी सकाळीच चढवलीय वाटतं!" गावातलं कुणी हसत नसे. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याच्या मागच्या बाजूला एक लहान मेंदू असतो, तो तोल सांभाळतो, आणि या घराण्यांत तोच झिजत जातो. हा दोष आईबापांकडून येतो. ज्याच्यात तो आला, त्याच्या प्रत्येक मुलाला तो येईल की नाही हे छापा-काट्यासारखं. ज्याच्यात आला नाही, त्याची मुलं मात्र कायमची सुटली.

अक्सिन्यानं तपासणी कधी करून घेतली नाही. "असेल तर कळेलच की. आधीपासून कशाला रडत बसायचं?" असं म्हणत तिनं जन्मभर गोठ्यात गाईंच्या धारा काढल्या, नवऱ्याला शेवटचं पोचवलं, एकुलत्या लेकाला, आइतालला वाढवलं. बाई कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. बघता बघता चौसष्टी आली.

त्या हिवाळ्यात अंगणातून पिण्याच्या पाण्यासाठी बर्फाची लादी उचलून आणताना तिचा तोल गेला आणि ती आडवी झाली. बर्फावर कोण पडत नाही? पण चार दिवसांनी ती घरातल्या सपाट जमिनीवरही भेलकांडली. आइतालनं ते पाहिलं. दुधानं तोंड भाजलेली माणसं ताकही फुंकून पितात, त्यातलाच तो.

संध्याकाळी त्यानं आईपुढे दुधाचा चहा ठेवला. पेला अर्धाच भरलेला.

"हे काय? गाय आटली का?"

"नाही गं. सहज."

"सहज म्हणे! प्रोकोपीमामाला सांडू नये म्हणून अर्धा पेला मीच भरून द्यायची. मला शिकवतोस होय रे?"

आइतालनं मान खाली घातली. तो अडतिशीचा. शाळेत शिकवणारी कुन्नेय पाच वर्षं त्याची वाट बघत होती, आणि हा पठ्ठ्या हो म्हणेना की नाही म्हणेना. का, ते अक्सिन्याला पक्कं ठाऊक होतं. मरणाला ती भीत नव्हती. पण हे तिच्यात निघालं तर त्याच्यातही असू शकणार होतं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ती म्हणाली, "गाडी काढ. याकुत्स्कला जायचं, मोठ्या दवाखान्यात."

रक्त दिलं, डोक्याचे फोटो काढले, घरी परतून वाट पाहिली. निकालाच्या दिवशी ती डॉक्टरणीसमोर एकटीच बसली. मुलाला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. डॉक्टरीण लेकीच्या वयाची.

"मावशी, दोष नाहीये तुमच्यात."

"मग मी पडते कशी?"

"लहान मेंदू थोडा आक्रसलाय. वयानं सगळ्यांचाच आक्रसतो. शिवाय डोळे, गुडघे. थोडा व्यायाम करा, काठी घ्या."

"या आजाराला नाव काय?"

"आजार कसला? म्हातारपण आहे हे."

अक्सिन्या तिच्याकडे बघतच राहिली. "असं असतं होय ते?"

डॉक्टरीण हसली. "का, घरात म्हातारं कुणी पाहिलं नाही?"

"नाही."

डॉक्टरणीचं हसू मावळलं. अक्सिन्याचा जीव मात्र इतक्या वर्षांनी भांड्यात पडला. तिनं टेबलावरून पुढे वाकून त्या पोरीचे गाल दोन्ही हातांनी धरले आणि तिची पापी घेतली.

बाहेर आइताल टोपी चुरगाळत उभा होता. "काय म्हणाल्या?"

"म्हातारी झालेय मी!"

"ते दिसतंय गं. निकाल काय?"

"तोच निकाल! माझ्यात नाही. म्हणजे तुझ्यातही नाही रे, येड्या."

तो मटकन बाकावर बसला. टोपीत तोंड खुपसून हमसाहमशी रडला. येणारेजाणारे बघत होते. अक्सिन्यानं त्याला मनसोक्त रडू दिलं, मग कोपरानं ढोसलं. "झालं असेल तर फोन लाव तिला."

त्यानं लावला. बराच वेळ नुसतं "हं, हं" चाललं होतं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आधी आईंना नीट घरी घेऊन या, मग भांडू."

"सून म्हणून चालेल," अक्सिन्या म्हणाली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बर्फ गोठलं होतं. आजवर आधारासाठी तिनं चारचौघांत कुणाचा हात धरला नव्हता. लोकांनी पाहिलं असतं, तर 'हिच्यात आलं' म्हणत तिच्या पोराकडेही संशयानं पाहिलं असतं. आता तिनं मुलाचा दंड घट्ट पकडला आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, डुलत डुलत खाली उतरली.