आक्काच्या दारातली चूल

आक्काला माफ करणं जमत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला ते आवडतच नव्हतं. कुणी म्हणालं, "जाऊ दे की आक्का, सोडून दे," तर ती पळी रश्श्यात बुडवून ठेवायची आणि विचारायची, "सोडलं तर माझ्या हातात काय ऱ्हातंय?" मग ती पुन्हा ढवळायला लागायची.

तिची खानावळ शनिवार पेठेतल्या एका बोळात होती. पाटी नव्हती. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं सरायचं, एवढीच रुंदी. भिंतीला लागून बाकडी, वर एक पंखा, तोही मनात आलं तर फिरणारा. नवीन माणसाला कुणीतरी बोळाच्या तोंडाशी उभं राहून सांगायचं, वासानं जावा. कोल्हापुरात अशा खानावळी पुष्कळ आहेत आणि ज्याला त्याला आपलीच खरी वाटते. मला आक्काचीच खरी वाटते.

आक्काकडं लोक आपलं मटण घेऊन यायचे. रविवारी सकाळी रिक्षावाले, तालमीतली पोरं, बँकेतले साहेब, सगळे पिशवी देऊन जायचे आणि दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आणि सुकं मटण डब्यात भरून न्यायचे. पातेल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आक्का जुन्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी पातेल्याच्या कानाला बांधायची आणि तसलीच गिऱ्हाइकाच्या डब्याला. हा धंदा सगळा विश्वासावर. कच्चं मटण देऊन माणूस निघून जातो. त्यातल्या दोन फोडी कुणी काढून घेतल्या तर त्याला काय कळणार?

मी तिच्याकडं भाकरी थापायला होते. बावड्याहून यायचे, कोपऱ्यात तव्यापुढं बसायचे, भाकरीकडं बघत भाकरी करायचे. गिऱ्हाइकाशी बोलायची माझी छाती नव्हती. चौथीपर्यंत शाळेत होते तेव्हाही बाई विचारायच्या आणि मला उत्तर येत असूनही मी खाली बघायचे. बाई म्हणायच्या, मोठ्यानं बोल. तेच जमायचं नाही. आक्का मला 'मुके' म्हणायची. "ए मुके, भाकरी वाढ." तिच्या तोंडी ते नाव मला गोड लागायचं.

एकदा एका गिऱ्हाइकानं माझ्याकडं बघून चुटकी वाजवली आणि "ए भाकरी" म्हणून हाक मारली. आक्कानं ऐकलं. त्या दिवसापासून त्याची भाकरी सगळ्यात शेवटी. रस्सा पुढ्यात निवून जायचा आणि तो माझ्याकडं बघत बसायचा. त्यानं विचारलं की आक्का म्हणायची, "भाकरी लाजतीया तुमची. चुटकीला भ्याली ती." शेवटी तो मला ताई म्हणायला लागला, तेव्हा कुठं त्याला गरम भाकरी मिळाली.

नारळवाल्याचंही तेच झालं. त्यानं एकदा कुजके नारळ गळ्यात मारले. पांढऱ्या रश्श्याला नारळ लागतोच. आक्का भांडली नाही. ती त्याच्या शेजारच्या गाड्यावर नारळ घ्यायला लागली, पण उभी राहायची ह्याच्यासमोर. एकेक नारळ कानाशी हलवायची आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणायची, "ह्यो चांगला. ह्यो बी चांगला." दर रविवारी. त्यानं शेवटी गाडाच दुसरीकडं नेला.

आक्का भांडली तर काळजी नसायची. ती गप्प बसली की समजायचं, समोरच्याचं काही खरं नाही.

तिचा खरा वैरी तिचा दीर. ती त्याला भावजी म्हणायची. नवरा होता तोवर दोघा भावांचं एकच हॉटेल होतं. नवरा गेला आणि दिरानं मधे भिंत घातली. रस्त्याकडची मोठी बाजू त्याला, मागची बोळाकडची भेग आक्काला. त्यानं काचेचं दार लावलं, थंड हवेचं मशीन बसवलं आणि बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आईच्या हातची चव'. सासूच्या हाताखाली मिरच्या वाटून वाटून तो रस्सा शिकली होती आक्का. हा तेव्हा गल्ल्यावर बसून पान खायचा. तरी त्याचं भागलं नव्हतं. बायकापोरांना बसायला वेगळी खोली करायची म्हणून त्याला ती भेगही हवी होती. त्यानं निरोप पाठवले, पावणेरावळे पाठवले. आक्का एकच सांगायची, "भिंत त्यानं घातलीया. आता भिंतीलाच इचार म्हणावं."

मग एका रविवारी ते झालं. दुपारची गर्दी होती, लोक डबे घेऊन उभे होते. एक गिऱ्हाईक म्हणालं, आज फोडी कमी वाटतात. सहज म्हणालं असेल. दीर बोळातच उभा होता. तो पुढं आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फोडी कुटं जात्यात मला ठावं हाय. त्या भाकरीवालीचं गठुडं बगा."

माझ्या शेजारी फडक्यात बांधलेलं गठुडं होतं. त्यानं मला ते सोडायला लावलं. मी सोडलं. माझे हात पिठाचे होते, गाठ लवकर सुटेना, आणि सगळे वाकून बघत होते. आत उरलेली भाकरी आणि खर्डा निघाला. एवढंच. मला वाटलं, आता तो खजील होईल. तो हसला. म्हणाला, "आज न्हाय घावलं. म्हणून काल न्हेलं न्हाय, असं कुटं हाय?"

मला सांगायचं होतं की मी नेलं नाही. एवढे तीन शब्द. ते आले नाहीत. मी खाली बघितलं, आणि खाली बघणारी बाई लोकांना चोरच वाटते.

आक्का एक शब्द बोलली नाही. सगळे गेल्यावर तिनं माझं गठुडं पुन्हा बांधून दिलं आणि म्हणाली, "ह्याला मी मोजायला लावणार, मुके. तुझ्याम्होरं."

पुढच्या रविवारी पिशव्या निम्म्यासुद्धा आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून कमी. लोक तोंडावर काही बोलत नव्हते, फक्त येत नव्हते. मी म्हणाले, मी काम सोडते. आक्का म्हणाली, तू सोडलंस की तो खरा ठरला. मग तिनं आतली चूल उचलून दारात आणली. अगदी उंबऱ्याला लागून. आत जायचं तर चुलीच्या कडेनं अंग चोरून जावं लागे. पिशवी आली की सगळ्यांसमोर परातीत ओतायची, सगळ्यांसमोर धुवायची, सगळ्यांसमोर शिजवायची. बोळातून जाणाऱ्यानंही बघावं. आणि माझा तवा तिनं चुलीच्या शेजारी, सगळ्यात पुढं मांडला. मला मेल्यासारखं व्हायचं. ती म्हणायची, "बस तितंच. बगू देत."

हळूहळू पिशव्या परत आल्या. पण चूल दारात आणण्यामागं आणखी एक डाव होता, तो मला नंतर कळला. दिराच्या हॉटेलाचं काचेचं दार बोळाच्या तोंडाशी होतं. त्याचा हॉल भरला की आक्का खोबरं, तीळ, खसखस भाजायला घ्यायची. काचेचं दार उघडलं की वास आत. गिऱ्हाईक वेटरला विचारायचं, हा वास येतोय तो रस्सा आण. वेटर काय आणणार? लोक अर्ध्या ताटावरून उठून बोळात यायचे. आक्का भाजत राहायची आणि तिच्या चेहऱ्यावर देवीपुढं बसल्यासारखी शांती असायची.

वर्षाची चटणी कुटायला आम्ही डंकावर जायचो. मिरची डंकाखाली पडली की आक्का दर घावाला दिराचं नाव घ्यायची. मोबाईलवर शूटिंग करणाऱ्या एका पोरीनं तिला विचारलं, रश्श्यात असं काय घालता? आक्कानं खरं तेच सांगितलं, दिराचं नाव. ती पोरगी हसली. तिला वाटलं गंमत आहे.

पुढं काही वर्षांत दिराचं हॉटेल बंद पडलं. काचेच्या दाराला कुलूप लागलं. पोरगा पुण्याला गेला तो गेलाच, बायको वारली, आणि हा हॉटेलावरच्या खोलीत एकटा राहिला. खालून वास जायचाच. आणि त्या वासावरच तर तो लहानाचा मोठा झालेला.

एका रविवारी तो पिशवी घेऊन रांगेत उभा राहिला. आक्कानं मान वर केली आणि म्हणाली, "या पावणं." अनोळखी माणसाला आपल्याकडं पावणं म्हणतात. सख्ख्या दिराला तिनं तसं म्हटलं, आणि भावजी हा शब्द त्याला पुन्हा कधी मिळाला नाही. तिनं परात पुढं सरकवली. पिशवी परातीत ओतायला लावली. म्हणाली, "मोजा. हिकडं फोडी जात्यात म्हणं. तवा मोजून द्या, मोजून न्या."

तो पुटपुटत मोजायला लागला. आक्का म्हणाली, "मोठ्यानं."

त्यानं मोठ्यानं मोजल्या. मग तिनं परात माझ्यापुढं ठेवली आणि त्याला सांगितलं, "ही करणार. हिच्या हातचं चालत असंल तर बसा." तो बसला. मी त्याचं मटण शिजवलं. मीठ चुकलं नाही. शिजल्यावर त्याला पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा मोठ्यानं. आकडा तोच आला. मग आक्का म्हणाली, "आता हिच्याकडं बगून सांगा." तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बरोबर हायत." तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघितलं. मला दया आली नाही. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर तो दर रविवारी यायचा आणि दर रविवारी मोजायचा. रश्श्यापायी माणूस किती वाकतो ते मी बघितलं आहे. कुणी म्हणायचं, आक्का, म्हातारा झाला, आता पुरे. आक्का म्हणायची, "ती गठुडं सोडत हुती तवा कोण पुरे म्हणालं?"

गेल्या उन्हाळ्यात आक्का गेली. दवाखान्यात तिनं चुलीचं विचारलं, तव्याचं विचारलं, आणि मग म्हणाली, "त्यो येईल. मोजायला लाव. मला तुझंच भ्या वाटतंय मुके, तू गप बसशील." मी काही बोलले नाही. तिनं डोळे मिटून घेतले, रागानंच.

तिचं कार्य झालं आणि पहिल्या रविवारी मी दारातली चूल पेटवली. तो सगळ्यांच्या आधी आला. आक्काच्या मातीला तो रडला होता, मी बघितलं होतं. आता त्यानं पिशवी चुलीजवळ ठेवली, डबा शेजारी ठेवला, आणि बाकड्याकडं वळला. त्याला वाटलं, ते सगळं तिच्याबरोबर गेलं. मागं लोक उभे होते. त्यातले काही माझं गठुडं सोडायला लावलं त्या दिवशीही उभे होते.

मी परात पुढं सरकवली. तिचा फरशीवर आवाज झाला आणि तो थांबला.

"मोजा, पावणं," मी म्हणाले.

तो खाली बसला, पिशवी परातीत ओतली, आणि एकेक फोड बाजूला करत ओठांतल्या ओठांत मोजायला लागला.

मी म्हणाले, "मोठ्यानं."