जोडलेल्या हातांची निम्मी चूक

शामराव गेल्याचं मला साकोलीच्या बसस्टँडवर कळलं. पानठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला, "गुरुजी, तुमचा शामराव गेला नं." तीन आठवडे झाले, पण तेव्हा दुःखाआधी जी किळस आली ती अजून गेलेली नाही... शामराव आजारानं मेला, पण त्याला मोडलं ते एका निकालानं, आणि त्या निकालात माझी साक्ष होती.

शामराव अड्याळचा, माझा शाळासोबती. धानाचा व्यापार, एक जुनी जीप आणि तोंडाला विसावा नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. भर दुपारी आम्ही दोघं साकोलीला निघालो होतो. जंगल लागायच्या आधी हमरस्त्याच्या कडेला वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे. आमच्याकडचा कुठलाही चालक तिथे गाडी थांबवतो, स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडतो आणि मगच पुढे जातो. शामरावनं तेच केलं. जीपचा मागचा ब्रेकचा लाल दिवा कधीचाच गेलेला. मागून येणारा ट्रक सरळ आदळला. मला नुसतं खरचटलं. शामरावची मान कायमची आखडली. मागे बघायचं तर त्याला सगळं अंग वळवावं लागे.

भंडाऱ्याला भरपाईचा दावा चालला. साक्षीच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "खरं हाय ते सांगजो. देवापाशी थांबलो होतो, चोरी कराले नाही." ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं, थांबताना यांनी हाताचा इशारा केला होता का? मी नाही म्हटलं.

"मग हात कुठे होते?"

"जोडलेले."

कोर्टात हशा पिकला. खरं बोलल्याचा मला तेव्हा केवढा तोरा होता! निकाल आला: इशारा न देता गाडी थांबवली, सबब निम्मी चूक जखमीचीच, भरपाई निम्मी. पैशाचं शामरावला फारसं वाटलं नाही. पण "मी तं उभा होतो, मंग माही चूक कायची?" हे तो वर्षानुवर्षं विचारत राहिला, आणि त्याचं बाकीचं बोलणं हळूहळू आटलं.

निकालानंतर महिन्याभरात मी बसमधून त्याच वकिलाची गाडी वाघोबापाशी उभी पाहिली. साहेबांचे दोन्ही हात जोडलेले, डोळे मिटलेले. थुंकावंसं वाटलं मला. शामरावला सांगितलं, म्हटलं निदान हा तरी चार शिव्या घालेल. तो एवढंच म्हणाला, "त्याच्या मांगं कोणी येऊन नव्हतं राहिलं नं?"

स्वतः मात्र तिथे त्यानं पुन्हा कधी हात जोडले नाहीत. बसमध्ये मुद्दाम उजव्या खिडकीशी बसे. वाघोबापाशी बस हळू झाली, सगळ्यांचे हात जुळले, की हा आपला उजवा हात बाहेर काढून मागच्यांना थांबायची खूण करी. लोक हसत. मीही हसलो आहे, त्याचीच आता लाज वाटते...

गेल्या आठवड्यात त्याच रस्त्यानं बसनं आलो. वाघोबापाशी चालकानं गाडी हळू केली आणि माझा हात खिडकीबाहेर गेला. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, हात अंदर घ्या." मागे एक ट्रक येत होता. तो थांबेपर्यंत मी हात आत घेतला नाही.