कापडवाले शेठ आणि नॉर्वेची वाटणी

कापड न कापणारा कापडवाला त्रिभुवनात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला. मी चिपळूणहून पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात कारकून म्हणून आलो, तेव्हा फाळणीला सात-आठ वर्षं झाली होती. सिंधमधून आलेली माणसं कँपातल्या बराकींत राहत होती, आणि शेठांचं दुकान तिथेच, एका बराकीच्या तोंडाशी होतं. सदऱ्याला अडीच वार कापड मागितलं की शेठ छातीवर हात ठेवायचे. "कापायचं कशाला, साईं? पूरा थान, अख्खा तागा घेऊन जा ना! तुम्हाला शर्ट, बायकोला पोलका, खिडकीला पडदा." त्यांच्या या आर्जवापुढे माझं कधीच काही चाललं नाही. वर्षभर आमच्या घरात मी, बायको, खिडकी आणि उशी एकाच निळ्या पट्ट्यांत वावरत होतो. पाहुणा आला की तो आधी उशीलाच नमस्कार करतो की काय, अशी मला धास्ती असे.

शेठांना कुठलीच वाटणी सोसत नसे. कलिंगड कापलेलं बघवत नाही आणि अख्खं गिळता येत नाही, म्हणून त्यांनी कलिंगडच सोडलं होतं. न्हाव्याला भांग पाडायची बंदी होती. "एकच डोकं दिलंय देवानं, त्याचे दोन भाग कशाला?" असं म्हणून ते सगळे केस मागे वळवत. एका चहात दोघे म्हटलं तर दोन पूर्ण कप मागवत, आणि तुम्ही नको म्हणालात तर दोन्ही स्वतः पीत. आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा करायचो. आता त्याची लाज वाटते, कारण शेठांनी जी एक वाटणी पाहिली होती तिच्यात त्यांचं गाव गेलं होतं आणि वडील वाटेतच गेले होते. त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत.

पण वाटणी घरातच येऊन बसली. शेठांच्या धाकट्या भावाला चिंचवड स्टेशनजवळ स्वतःचं दुकान मांडायचं होतं. दोन वर्षं तो विचारत होता, आणि शेठांचं उत्तर ठरलेलं. "आज दुकान वेगळं, उद्या चूल वेगळी, परवा चाकू." भाऊ बिचारा गाय माणूस, पण हल्ली जेवताना बोलेनासा झाला होता. "जाऊ नये म्हणून धरून ठेवतो," शेठ मला म्हणाले, "आणि तो तर रोज थोडा थोडा चाललाय."

अशात कारखान्यातले नॉर्वेचे एक साहेब पडद्याचं कापड घ्यायला आले. दुभाषा मी. साहेबांनी ताग्याचा अर्धा भाग दाखवताच शेठांनी वाटणीवर प्रवचन सुरू केलं. साहेब हसले. म्हणाले, आमचा देश आणि स्वीडन एकाच राजाखाली होते, पन्नासेक वर्षांपूर्वी बोलणी करून वेगळे झाले.

शेठ ताडकन उभे राहिले. "किती मेले?"

"कोणी नाही."

"खोटं!" म्हणाले शेठ. याचं भाषांतर मी 'आश्चर्य आहे' असं केलं.

साहेबांनी सांगितलं की सरहद्दीवर सैन्यं उभी राहिली होती, त्यांत त्यांचे वडीलही होते. बोलणी झाली आणि सगळे घरी गेले. वडिलांना नवे बूट चावून फोड आले, तेवढीच जखम.

"नुसते फोड?"

"नुसते फोड. आणि आता माझी बहीण स्वीडनला दिली आहे."

पुढे महिनाभर शेठ मला घेऊन कारखान्याच्या फाटकावर साहेबांना गाठत. रेल्वे कुणी घेतली, देवळं कुणाकडे गेली, भांडीकुंडी कशी वाटली? शेवटी साहेब मागच्या दाराने जाऊ लागले.

मग एका रविवारी शेठांनी वाटणी काढली. आमचे घरमालक, जुने पिंपरीकर शेतकरी, पंच म्हणून आले. "ह्यात काय न्हाई, शेठ," ते म्हणाले. "थोरल्यानं वाटं घालायचं, धाकल्यानं आदी उचलायचं. मंग भांडान व्हतंय कशाला?" तरी शेठांनी मला टिंक्चर आयोडीन आणि पट्ट्या आणायला लावल्या होत्या. त्यांनी ताग्यांचे दोन ढीग घातले. भावाने एक उचलला, थोरल्याच्या पाया पडला, बैलगाडीत माल भरला. अर्ध्या तासात सगळं आटोपलं! गाडी वळताना भाऊ थोरल्याला सिंधीत हाक मारून ओरडला, "अदा, संध्याकाळी जेवायला येतो! कढी करायला सांगा!"

"येतोय," शेठ म्हणाले. "वेगळा झाला, तरी येतोय." आणि ते इतके हसले की घरमालकांनी त्यांना पाणी पाजलं. माझ्याही जिवावरचं ओझं उतरलं.

मग शेठांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, "साईं, साहेबांना एवढं विचारा. तिकडे पहिल्यांदा 'चला, घरी जाऊ' कोण बोलला? त्याचं नाव पाहिजे."

साहेबांना नाव ठाऊक नव्हतं. ते शेठांना सांगायचा मला धीर झाला नाही. मी मनानेच 'एरिक' म्हणून ठोकून दिलं. पुढे मी पिंपरी सोडेपर्यंत शेठ रोज दुकान उघडताना त्यांच्या देवाच्या, झूलेलालच्या तसबिरीला हात जोडत, डोळे मिटत, आणि शेवटी हळूच म्हणत, "एरिकसाईं, तू आमच्याकडे का नाही आलास?"