पाय भारी

सौंसरात अंबाबाईच्या दारावरून एखादी पोटुशी बाई गेली, की मांडीवरची नात सावरत म्हातारी आधी तिची पावलं पाहते. "सूज एका पायाला की दोन्ही?" एवढंच विचारते. बाया तोंडाला पदर लावून हसतात. हसा बाप्पा, हसा. एकदा तीही हसली होती.

तिची लेक छाया सातव्या महिन्यात लोधीखेड्याहून माहेरी आली. अंबाबाईनं तिला पलंगावरून उठू म्हणून दिलं नाही. अंगणात फेरी मारते म्हटलं तरी डोळे वटारायची. दवाखान्यात नर्सबाईनं विचारलं होतं, घरात कोणाला रक्ताची गाठ झाली होती का? अंबाबाईनं ठासून नाही सांगितलं. खोटं नव्हती बोलली बिचारी. तिची धाकटी बहीण कुसुम गरोदरपणातच गेली होती, पण तिला भुताखेताची, बाहेरची हवा लागली असंच घरात सगळे म्हणत. हवेचा अन् रक्ताचा संबंध कोण लावणार?

मग एका दुपारी छाया कण्हत म्हणाली, "आई, माहा पाय भारी झाला व."

अंबाबाईला हसू आवरेना. इकडची अर्धी बोली हिंदी. पाय भारी म्हणजे बाईला दिवस गेले. सातवा सरत आला अन् पोरगी आता सांगून राहिली, असं तिनं शेजारच्या रूपालीलाही हाक मारून सांगितलं. दोघी पोट धरून हसल्या. छाया ओशाळली. दुखतच असेल तर चोळून देते, म्हणून अंबाबाईनं तेल कोमट केलं अन् लेकीचा गाऊन गुडघ्यापर्यंत सारला.

उजव्या पायातली तोरडी सैल लोंबत होती. डावी मांसात रुतली होती. पोटरी लाल, हाताला गरम. अंबाबाईचा तेलाचा हात तसाच थांबला. कुसुमचीही डावी तोरडी निघत नव्हती. तीही पाय भारी झाला म्हणाली होती, घर असंच हसलं होतं. आईनं पाय चांगला रगडून दिला. मग कुसुम पाणी प्यायला उठली ती छाती धरून खाली बसली, अन् पुन्हा उठलीच नाही.

अंबाबाईनं तेलाची वाटी बाजूला सारली. तिनं मुलाला, गजेंद्रला, गाडी काढायला लावली. नागपूरपर्यंत ती लेकीच्या छातीकडे बघत राहिली, श्वास चालू आहे की नाही.

मांडीच्या शिरेत गाठ निघाली. चोळलं असतं तर सुटून फुप्फुसात गेली असती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त पातळ करायच्या सुया पोटावर सुरू झाल्या, बाळंतपणानंतरही चालल्या, अन् छाया वाचली. पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक होतं? त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फक्त तोच प्रश्न पुन्हा विचारला, घरात आधी कोणाला असं झालं होतं का.

"माह्या बहिणीला," अंबाबाई म्हणाली. "तिनं सांगितलं होतं. आम्ही हसलो."