डूमवाले कल्याण सर

कल्याण सर अकरा वर्षं संगमनेरच्या गायकांच्या एका ग्रुपमध्ये होते. पाच जण, वाद्य एकही नाही, सगळं तोंडानंच. चौघे गाणं म्हणायचे आणि सर खालच्या आवाजात ‘डूम डूम डूम’ करायचे. शेकडो लग्नांत त्यांनी डूम केलं, पण गाण्याचा एक शब्द कधी त्यांच्या वाट्याला आला नाही. मग एका लग्नात शेवटच्या गुलाबजामवरून दोघा मुख्य गायकांची जुंपली आणि ग्रुप फुटला.

सरांना कर्जतजवळच्या एका शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी मिळाली. मुख्याध्यापिका शोभा मॅडम म्हणाल्या, “स्नेहसंमेलनाला स्वागतगीत बसवा.”

“बसवतो की!” सर म्हणाले आणि रात्रभर तळमळले. कारण अख्खं गाणं त्यांना एकही येत नव्हतं.

पहिल्याच तासाला सातवीची सविता म्हणाली, “सर, गाणं म्हना ना!”

सरांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि सवयीनं डूमच बाहेर आलं. वर्ग खूश. सरांनी ठरवलं, आधी डूम पक्कं करू, शब्दांचं मागाहून बघू. ते मागाहून काही आलंच नाही.

महिन्याभरानं सविताची आजी राहीबाई शाळेत आली. “गुर्जी, पोरगी धार काढताना डूमडूम करती. म्हस लाथा झाडती!”

“दूध कमी झालं का?”

“न्हाई. म्हशीला धरताना मीच दोनदा पडले.”

सरांनी माफी मागितली. पोरं मात्र थांबली नाहीत.

संमेलनाच्या दिवशी पाहुणे स्थानापन्न झाले आणि चाळीस पोरांनी एकदम सुरू केलं, “डूम डूम डूम...” मिनिट झालं, दोन झाली. पाहुण्यांनी मागं वळून विचारलं, “विहिरीवरची मोटार चालू राहिली का कुणाची?” शिपाई खरंच बघायला पळाला. शोभा मॅडमनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून राहीबाई उठली. “आरं, नुसती फोडनी किती येळ द्यायची? भाजी टाका की!” आणि तिनं डूमच्या ठेक्यावर उभ्या उभ्या रचून म्हटलं,

“पाव्हनं आलं गाडीनं गं, धुरळा उडाला वाडीला,
च्याला दूध न्हाई बाई, म्हस लावा जोडीला!”

मांडव हसून लोळला. पाहुण्यांनीही टाळ्यांचा ठेका धरला. राहीबाईनं आणखी सात कडवी रचली. शेवटचं मॅडमवर होतं; ते इथं सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन तिच्या घरी गेले. “आजी, मला शब्द शिकवा.”

“मास्तर तुमी का मी?”

“गुरुवारी तुम्ही.”

तेव्हापासून दर गुरुवारी राहीबाई शाळेत येते. सर पोरांमध्ये सतरंजीवर बसतात. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पहिलं गाणं शब्दांसकट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. आवाज चांगला आहे. फक्त राहीबाईचं मत पडलं, “जरा नाकात गाता.”