ताईनं ऐकलेलं घड्याळ

खिशात ठेवायच्या जुन्या स्विस घड्याळांचा नाद मला कॉलेजात असताना लागला. शेलूबाजारजवळच्या मळ्यात वांगी, मिरची पिकवणाऱ्या माणसाला हे खूळ कुठून, असं लोक अजूनही विचारतात. चालू घड्याळं परवडत नाहीत, म्हणून मी बंद पडलेली घेतो. त्यातही ज्यांच्या पोटात काही करामत आहे, तीच. एक तारीख दाखवतं, एक चंद्राच्या कला.

अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे सापडलं ते वेळ वाजवून सांगणारं होतं. बाजूची कळ सरकवली की आतल्या दोन इवल्या हातोड्या दोन तारांवर पडतात. जाड ठोके तासांचे, जोडठोके पाव तासांचे, उरलेल्या मिनिटांचे बारीक. माझं मात्र नुसतं खरखरायचं.

वाशीमच्या म्हाताऱ्या घड्याळजी चाचांनी ते वर्षभर ठेवून घेतलं. तुटलेला दाता त्यांनी पोलाद घासून हातानं बनवला. मग एक दिवस म्हणाले, "माह्यं काम झालं. पण वाजते कसं, हे मले ऐकूच येत नाही. तू सांग."

मी कानाला लावलं. वाजत होतं, पण बरोबर की चूक, मला कळेना.

त्याच सुमारास थोरली बहीण अनसिंगहून माझ्याकडे राहायला आली होती. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. जिच्या आवाजानं घर दणाणायचं, ती दिवसभर ओसरीत खाटेवर गप्प बसायची. डोळ्यांच्या तपासणीला तिला वाशीमला नेलं, तेव्हा येताना चाचांकडे थांबलो. खरं सांगतो, माझ्या मनात फक्त घड्याळ होतं.

चाचांनी कळ सरकवली. ताईनं मान वर केली. "आणखी एकदा वाजवा."

पुन्हा वाजलं. ती म्हणाली, "जाड आवाज साफ हाय. बारीक ठोका लगेच दबून राह्यला. वाजत्या ताटलीवर कोणी बोट ठेवलं का जसा होते, तसा."

ते मी चाचांच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी भिंग चढवलं. लहान हातोडी ठोका देऊन तारेलाच टेकून राहत होती. त्यांनी ती केसभर वाकवली. "आता?"

"अजून हाय थोडं."

असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा ताई बोटांवर मोजत राहिली. "अकरा... दोन जोड... अन् चार. अकरा चौतीस!"

भिंतीवरच्या घड्याळातही तेवढेच वाजले होते. चाचांना काही ऐकू आलं नव्हतं, पण तिचा चेहरा पाहून ते हसले.

जीपमध्ये तिनं ते घड्याळ मुठीतून सोडलं नाही. घरी आल्यावर मी म्हणालो, "ताई, तुह्याजवळच ठेव." मनातून जड गेलं, खोटं कशाला बोलू?

बायको म्हणाली, "टाइम तर मोबाईलही बोलून सांगते."

"मोबाईल सांगते," ताई म्हणाली. "हे मले मोजा लागते."

पुढच्या महिन्यात चाचांच्या सुनेचा फोन आला. "ठोक्याचं एक जुनं घड्याळ आलं हाय. अब्बा म्हणतात, ताईले घेऊन या." ताई माझ्याआधी तयार होऊन दारात उभी.

आता दुकानात तिची वेगळी खुर्ची आहे. चाचा घड्याळ उघडतात, ती ऐकते, आणि दोघं मोठमोठ्यानं भांडतात. परवा आणायला गेलो, तर मलाच म्हणाली, "इतक्या लवकर काहून आला?"